सेकंदाला नऊ मेगाबाइट

अगस्ती तळाच्या प्रयोगशाळेत डॉ. नीलांबरी टिपणीस संगणकापुढे उभी होती. पडद्यावर आकडा होता : उरलेला वेळ, सात दिवस सतरा तास. जहाज मात्र उद्या संध्याकाळी निघणार होते.

हा तळ दक्षिण ध्रुव प्रदेशातल्या एका हिममंचावर होता. हिममंच म्हणजे एका बाजूने जमिनीला चिकटलेला आणि बाकी समुद्रावर तरंगणारा बर्फाचा अवाढव्य थर. तो खालून किती वेगाने वितळतो, याची तीन वर्षांची मोजमापे तळाच्या संगणकात होती. संगणक भिंतीतल्या कपाटात पक्का बसवलेला होता आणि उपग्रहावरून एवढी माहिती पाठवायला वर्ष लागले असते. म्हणून ती बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर उतरवून न्यायची होती. अकरा तासांचे काम. पण सेकंदाला दीडशे मेगाबाइट जायच्या जागी जेमतेम नऊ जात होते.

"केबल बदलली, मॅडम," इकबाल मुजावर म्हणाला. तो मिरजेचा, तळावरचा इलेक्ट्रॉनिक्स अभियंता. "डिस्क जोडायचं पोर्ट बदललं, निळ्या रंगाचं, वेगवानच आहे. व्हायरस तपासणारा प्रोग्राम बंद केला. बारीक बारीक फायलींची एकच मोठी फाईल करून पाहिली. तरी नऊच."

"डिस्क खराब असेल."

"तिन्ही नव्या डिस्क एकदम? परवापर्यंत तर धडधाकट होत्या."

वैतागून त्याने डिस्क अलगद हातात उचलली, कुठे तापली आहे का पाहायला. पडद्यावरचा आकडा एकशे दहावर गेला. त्याने ती टेबलावर ठेवली. नऊ. पुन्हा उचलली. एकशे पाच.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"टेबल थरथरतंय," इकबाल म्हणाला. "आपल्याला जाणवत नाही, पण हिला जाणवतंय. आत चकती फिरत असते आणि तिच्यावर लिहिणारं शीर्ष एका रेघेवर नेमकं राहावं लागतं. केसाच्या जाडीचा हजारावा भाग जरी हललं, तरी लिखाण चुकतं. मग चकती पूर्ण फिरून यायची वाट पाहायची आणि तेच पुन्हा लिहायचं. दिसायला फक्त वेग कमी दिसतो."

"जनरेटर?"

त्याने जनरेटर बंद करून तळ बॅटरीवर घेतला. पंखे थांबले, खोली गप्प झाली. आकडा नऊच राहिला.

नीलांबरी खुर्चीत बसली. खोलीचे पोलादी खांब बर्फात पाच मीटर खोल रोवलेले होते. भूकंपमापक तीन दिवसांपूर्वीच पेटीबंद होऊन जहाजावर गेला होता, आणि डिस्क परवापासून मंदावली होती.

"खालचा बर्फ तडकतोय, इकबाल," ती म्हणाली.

तळप्रमुख रेमंड डाबरे वसईचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले, स्वतः डिस्क उचलून आणि ठेवून पाहिली, आणि जहाजाला रेडिओवरून हेलिकॉप्टर मागितले. दोन फेऱ्यांत सहा जण गेले. तिसऱ्या फेरीआधी दाट धुके उतरले. तळावर तिघेच उरले.

दरम्यान इकबालने झोपायची पिशवी घडी करून त्यावर डिस्क ठेवली होती. वेग सव्वाशेवर स्थिरावला. सकाळपर्यंत काम होणार होते. पण नीलांबरीने दुसरी डिस्क मुद्दाम उघड्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर एक निरुपयोगी फाईल पुन:पुन्हा लिहायला लावली.

"ही कशाला?" डाबऱ्यांनी विचारले.

"भूकंपमापक म्हणून. आपल्याकडे आता एवढंच आहे."

दुपारी ती डिस्क सातवर आली, मग चारवर. डाबरे उठले. "बर्फावरच्या स्कूटर बाहेर काढा. दोन तासांत जमिनीवर पोचू. समुद्रावर तरंगत राहण्यापेक्षा ते बरं."

"सर, नको," नीलांबरी म्हणाली. "हा बर्फ फक्त जमिनीच्या बाजूनं अडकलेला आहे. मग तुटणार कुठून? भेग आपल्या आणि जमिनीच्या मधेच असणार. धुक्यात आपण सरळ तिच्यावर जाऊ."

"आणि ती आपल्या पायाखालीच असली तर?"

"तसं असू शकतं," ती म्हणाली. "पण तसं असेल तर स्कूटरवरही वाचणार नाही."

डाबऱ्यांनी खिडकीबाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडे पाहिले. मग त्यांनी अंगातला कोट काढला. "इकबाल, तू काय म्हणतोस?"

"मी चहा टाकतो, साहेब."

चहा अर्धा झाला तेव्हा टेबलावरच्या डिस्कचा आकडा तीनवर होता. मग तो उडाला. साठ. एकशे वीस. एकशे पन्नास. तिथेच ठाम राहिला. ना धक्का, ना आवाज.

"थांबलं!" इकबाल हसला. "भेग थांबली, मॅडम. बर्फ टिकला."

नीलांबरीने तळाचे स्थान दाखवणारे यंत्र जवळ ओढले. अक्षांशाचा शेवटचा आकडा बदलत होता. अगदी हळू, पण थांबत नव्हता.

"टिकला नाही," ती म्हणाली. "बर्फ तुटत होता, तोपर्यंत डिस्क मंद होती. आता तुटायचं काही उरलं नाही. आपण हिमनगावर आहोत."

इकबालने नकळत टेबलाची कड धरली. ती पुढे म्हणाली, "घाबरू नका. जाडी अडीचशे मीटर आहे आणि तुकडा काही किलोमीटर रुंद. एवढा सपाट हिमनग उलटत नाही. तडकणं थांबलंय म्हणजे आपल्या खाली दुसरी भेगही वाढत नाहीये. गेल्या तीन दिवसांत ही जागा इतकी सुरक्षित कधीच नव्हती."

डाबऱ्यांनी जहाजाला स्थान कळवले. पलीकडून कप्तानाने ते दोनदा विचारून घेतले.

"तुम्ही आमच्याच दिशेनं येताय," तो म्हणाला. "जागा सोडू नका. आम्ही तुमच्या बरोबरीनं चालतो."

सकाळी धुके विरले. जमिनीच्या बाजूला, जिथून स्कूटर गेल्या असत्या तिथे, काळ्याभोर पाण्याचा रुंद पट्टा होता. डाबरे तो पाहून आत आले आणि नीलांबरीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून सामान आवरायला गेले. पिशवीवरच्या डिस्कचे काम संपले होते. तीन वर्षे पूर्ण उतरली होती.

इकबालने टेबलावरची डिस्क काढायला हात पुढे केला. "हिच्यावर तर काहीच कामाचं नाही. पुसून टाकू?"

"फाईल पुसून टाक," नीलांबरी म्हणाली. "पण वेगाची नोंद हिच्यावर ठेव. हिमनग जन्मताना त्याच्यावर बसून घेतलेली दुसरी नोंद जगात नाही. पुढच्या तळांना आधी कळेल."

हेलिकॉप्टरचा आवाज जवळ येत होता. इकबालने ती डिस्क लोकरी मोज्यात गुंडाळली आणि आतल्या खिशात, छातीशी ठेवली.