कडा घासलेलं विमान

हाताएवढं लाकडी विमान उघड्या खिडकीतून आत आलं, कवळ्यांच्या रांगेवर आदळलं आणि शेपटी मोडून टेबलावर पडलं. पाठोपाठ धापा टाकत त्याचे मालक हजर — समोरच्या शाळेतले चित्रकलेचे तरुण मास्तर.

"कुणाचे दात... पडले नाहीत ना?"

"पडलेत म्हणूनच तर आमचं काम चालतं," ती म्हणाली. दातांच्या डॉक्टरांकडे ती कवळ्या बनवायची. मास्तर खळखळून हसले आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला.

शेपटी चिकटवून देते म्हणत तिने विमान ठेवून घेतलं. पण हात स्वस्थ बसतील तर ना! पंखांच्या, शेपटीच्या कडा फळीसारख्या चौकोनी होत्या. तिथे वारा अडणार नाही तर काय? तिने पुढच्या कडा गोलसर घासल्या, मागच्या पातळ करत नेल्या. मास्तरांना न विचारता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मास्तरांनी तिच्यासमोर विमान हातातून सोडलं. एरवी ते डुगडुगत भरकटायचं, फार तर समोरच्या खिडकीपर्यंत जायचं. आज शेपटी जरासुद्धा हलली नाही. विमान कुंपणावरून गेलं, छपरांवरून गेलं... आणि दिसेनासं झालं.

"हे काय केलंत?"

तिचा चेहरा उतरला. "कडा घासल्या... वाटलं, तुम्हाला आवडेल." सगळी सुट्टी ते या विमानावर खपले होते, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं.

दोघं शोधायला निघाले. दारोदार विचारलं. एका आजींनी गच्चीवर जाऊ दिलं; एका काकांनी "या वयात विमानं?" म्हणून झापलं. मास्तर गप्पच. संपलं, हा माणूस आता आपलं तोंडही बघणार नाही, असं वाटून ती रडायच्या बेतात आली.

अंधारून आलं, विमान काही सापडलं नाही. ती थांबली. "रागावलात ना? बोला तरी."

"रागावलो होतो... पहिल्या गल्लीत."

"आणि नंतर?"

"नंतर वाटलं, सापडूच नये. सापडलं की तुम्ही घरी जाल." मास्तर अडखळले. "तुम्ही मला फार आवडता. नवीन विमान करू या? सांगाडा माझा, कडा तुमच्या. आमच्या घरी बसून... आईसमोर."

तिला हसावं की रडावं कळेना. "आणि आईंनी विचारलं, ही कोण, तर?"

"सांगेन, विमान घालवलंय हिनं. पण हिला घालवायचं नाहीये मला."

तिने त्यांचा हात धरला, आणि धरूनच ठेवला.