दोन नंबरचा पडदा

"पुन्हा गोल! अगं, झोपलीयस का?" तुफान ओरडला.

तो संघाचा कर्णधार. ओरडा बसला तो गोलकीपर मुलीला. मैदानात तिच्या पलीकडे चेंडू जात नसे, म्हणून सगळे तिला 'भिंत' म्हणत. पण आजच्या सरावात पडद्यावर तिला हा पाचवा गोल बसला होता!

"मी वेळेवर बटण दाबलं रे!"

"दाबलं असतंस तर चेंडू अडला नसता का?"

सुट्टीतली ही स्पर्धाच गमतीची होती. पहिली दहा मिनिटं पडद्यावर व्हिडिओ गेमचा फुटबॉल, पुढची दहा मिनिटं शेजारच्या मैदानात घाम गाळून खरा फुटबॉल. दोन्हीकडचे गोल एकत्र मोजायचे. दोन्हीकडे तेच तिघं खेळायचे. हॉलमध्ये दोन मोठे टीव्ही होते, प्रत्येक संघाला एक; दोन्हींवर एकच सामना दिसायचा. चिठ्ठीत यांना दोन नंबरचा पडदा आला होता आणि तोच शेवटपर्यंत राहणार होता. आतापर्यंत पडद्यावर मार खाऊन ते मैदानात भरपाई करत आले होते. पण आज दुपारी चारला फायनल होती, समोरचा संघ तगडा!

"घरी माझ्या टीव्हीवर ही दहातले आठ अडवते," तिसरा गडी चष्मिस म्हणाला. "इथेच काय होतं?"

"इथे माझे हात हळू होतात," भिंत म्हणाली. "माझ्या जागी राखीव खेळाडूला घ्या. मी बसते बाहेर."

"म्हणजे मैदानातही नाही?" तुफानचा चेहरा पडला. "एवढं नव्हतं म्हटलं मी!"

दोन्ही पडद्यांच्या मधोमध, मागच्या बाकावर भिंतीचे आजोबा बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. आजी गेल्यापासून दुकानाचं शटर बंद होतं आणि आजोबांचं बोलणंही जवळजवळ बंद. भिंत त्यांना रोज हट्टाने इथे घेऊन यायची. ते यायचे आणि गप्प बसायचे.

आज मात्र ते बोलले. "तुमची ही दोन घड्याळं बरोबर चालत नाहीत."

"कुठली घड्याळं, आजोबा?"

"पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळतात ना, ती. दोन नंबरचं मागे आहे. जरासंच. पण मागे आहे."

तुफान हसला. भिंत हसली नाही. ती आजोबांच्या शेजारी जाऊन बसली आणि डोळे बारीक करून बघू लागली. एक नंबरवर आकडा बदलायचा, मग दोन नंबरवर!

"चष्मिस, मोबाईल काढ! दोन्ही पडदे एकदम घे आणि सावकाश चालवून दाखव!"

तिघांची डोकी मोबाईलवर आपटली. एक नंबरवर चेंडू जाळ्यात, दोन नंबरवर अजून हवेत!

"अरे बापरे!" तुफान म्हणाला. "आपण शिळा खेळ बघतोय!"

ते धावत हॉलच्या मॅनेजरकाकांकडे गेले. काका शिडीवर चढून फायनलचा फलक बांधत होते.

"मशीन चुकत नाही!" काका वरूनच म्हणाले. "हरायची भीती वाटली की मुलांना मशीन बिघडलेलं दिसतं. आणि मोबाईलवर काय काय करता येतं, ते मला सांगू नका!"

भिंतीने क्षणभर विचार केला. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही पूर्वी या गेमचे चॅम्पियन होता म्हणे?"

"होता? आहे!"

"मग दोन नंबरवर बसून पाच गोल अडवून दाखवा ना. एक नंबरवरून माझे आजोबा मारतील."

"आजोबा? अगं, त्यांना कंट्रोलर कुठून धरायचा ते तरी माहीत आहे का?" काका हसत हसत खाली उतरले.

आजोबांनी कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला. "लाल बटण दाबायचं ना? बास."

पहिला गोल! काका हसले. दुसरा गोल! काकांनी बाह्या वर केल्या. तिसरा! चौथा! पाचवा!

काका ताडकन उठले. "हे चालणार नाही! मी दाबतो आणि हा गोलकीपर मग हलतो! हा पडदाच उशिरा चालतोय!"

"काय म्हणालात काका?" दारातून स्पर्धेच्या पंचताईंचा आवाज आला. "पुन्हा सांगा बरं!"

काकांनी जीभ चावली. पंचताईंनी रिमोट घेतला आणि टीव्हीची सेटिंग उघडली. एक नंबरवर 'गेम' होतं. दोन नंबरवर 'सिनेमा'!

"हे कोणी केलं?"

काका डोकं खाजवू लागले. "स्पर्धेच्या आदल्या दिवशी हॉल रिकामा होता. म्हटलं, एवढा मोठा पडदा आहे, एक सिनेमा बघावा. रंग छान दिसावेत म्हणून... परत बदलायचं राहूनच गेलं."

"म्हणजे टीव्ही चित्र नटवत बसायचा," चष्मिस म्हणाला, "आणि आपल्याला सगळं उशिरा दिसायचं!"

तुफानने भिंतीपुढे कान पकडले. "तुझे हात हळू नव्हते गं. चुकलो."

"फायनल संपेपर्यंत तसाच उभा राहा!"

चारला फायनल सुरू झाली. पडद्यावर भिंतीने सात फटके अडवले, दोन-दोन बरोबरी झाली. मैदानात तुफानने एक गोल मारला. शेवटच्या मिनिटाला आलेला सणसणीत फटका भिंतीने थेट पोटावर घेतला आणि चेंडू कवटाळून आडवी झाली. शिट्टी वाजली. जिंकले!

कप देताना मॅनेजरकाका माईकवर म्हणाले, "या पोरांनी माझा निष्काळजीपणा माझ्याच तोंडून वदवून घेतला. शाबास!" पंचताईंनी तिघांची पाठ थोपटली.

आजोबा मात्र भिंतीची बोटं हातात धरून बघत होते.

"उद्या दुकान उघडू या," ते म्हणाले. "तुझ्या आजीचं घड्याळ बंद पडलंय. मला असा वेळेवर चालणारा हात हवा."

भिंतीने जोरात मान डोलावली.

"आणि मी, आजोबा?" तुफानने विचारलं.

"तू तर ये बाबा! शटर गंजलंय, ते उचलायला तुफानच लागेल!"