टेकाडाची माती

पोरांनो, शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. म्हणजे, मी स्वतः तिथे नव्हतो. आणि ज्याच्यावर गुदरली तो सौमित्र अर्धीच सांगून गप्प झाला. तरी खरीच. स्वानंदी, तो डेकवरचा दिवा घालव आधी. आणि हसू नकोस.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. इथेच, ओहायोतल्या डब्लिनमध्ये. दुपारी सौमित्रने पितरांचं पान वाढलं. कावळ्याची वाट बघून बघून शेवटी खारीनेच घास पळवला. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. पुण्याहून आलेल्या त्याच्या आईने, पद्मिनीकाकूंनी, दुकानातल्या मातीची पिशवी हुंगली आणि लांब सारली.

"कसलं कसलं खत घातलंय. ह्यात देवीचा घट? लग्न झाल्यापासून एकदा चुकला नाही माझा. जिच्यावर कुणी पाय देत नाही, अशी माती आण."

"आई, हे ओहायो आहे. इथे गवताच्या काडीवरही सोसायटीची नजर असते."

"मग नजर चुकव."

जेवणं आटोपून तो निघाला. त्याची छोटी लेक केया हट्टाने मागच्या सीटवर. त्यांच्या वस्तीच्या मधोमध, झाडीत, ते टेकाड आहे. दुमजली घराएवढं. कुंपणावर पाटी: मूळनिवासींचं दफनस्थान, पवित्र जागा, वर चढू नये. त्या लोकांना इथून कधीच हाकललं; त्यांचे मेलेले तेवढे राहिले. दुसरा कुणी पाटी वाचून मागे फिरला असता. सौमित्र खूश झाला. कुणी पाय देत नाही! म्हणजे आईला हवी तशी, अगदी सोवळ्यातली! कुंपणातून हात घालून त्याने स्टीलचा डबा भरला आणि केयाच्या मांडीवर दिला.

घर पलीकडच्याच गल्लीत.

उजवीकडे वळला. समोर टेकाड.

"चुकलो वाटतं." पुन्हा वळला. टेकाड.

जीपीएस म्हणालं, सरळ जा. सरळ गेला. टेकाड.

घरांत दिवे होते. टीव्ही चालू होते. उतरून एका दाराची बेल वाजवली. काचेपलीकडे माणसं हसत होती. कुणी मान वळवली नाही. मग आईला फोन लावला. तिने उचलला. "हॅलो? हॅलो? अरे, बोल ना..." तो ओरडत होता. तिला काही ऐकूच जात नव्हतं.

प्रत्येक फेरीला रस्ता अरुंद होत गेला. फांद्या काचांना घासू लागल्या.

"डॅडी, वुई आर गोइंग इन सर्कल्स."

"झोप तू, राणी."

"बट आजी इज आस्किंग समथिंग."

"आजी घरी आहे."

"नॉट अवर आजी." केयाने डबा छातीशी धरला. "शी सेज, व्हेअर आर यू टेकिंग हिम?"

...

सौमित्रने आरशात पाहिलं नाही. ब्रेक दाबला. दुपारचं पान आठवलं. ते आपल्यांचं. आणि हा... कुणाचा?

डबा उचलायला गेला. उचलेना. दोन्ही हातांनी उचलला. कुंपणाशी गुडघे टेकले. ओंजळ, ओंजळ. जिथली तिथे. नखांतलीसुद्धा.

"चुकलं," म्हणाला. मराठीतच. दुसरं काय म्हणणार?

मग गाडी वळवली. समोर घर. दारात काकू, फोन कानालाच.

सकाळी घट बसला, त्या पिशवीतल्याच मातीत. गहू छान तरारले. काकूंचा नेम चुकला नाही.

दसऱ्याला सौमित्र मला टेकाडाशी घेऊन गेला. त्याने जेवढं उकरलं होतं बरोबर तेवढ्याच जागेत गहू उगवले होते. बोटभर, दाट. आणि हिरवे नाहीत... पिवळेधमक, देवघराच्या अंधारात उगवतात तसे. भर उन्हात. डब्यात त्या रात्री दाणाही नव्हता म्हणतो तो.

काय गं स्वानंदी? मी पदरचं काय घातलं म्हणतेस? घातलं थोडं. घरच्या घटातले गहू तरारले म्हणालो ना, तेवढं माझं.

त्या घटात एक कोंबही फुटला नाही.