चाकामागचा दगड

लेकीच्या बाळासाठी घेतलेला डुलत्या पायांचा लाकडी पाळणा जीपमध्ये मागे बांधून आई सकाळीच निघाली. गाडी शेजारच्या ड्रायव्हरकाकांची. लेक खिंडीपलीकडे, पहिलटकरीण. बाळ आडवं होतं, कळा सुरू झाल्या होत्या आणि जावई परगावी अडकलेला. "आई, तू असलीस की मला धीर येईल गं," एवढंच ती फोनवर बोलली होती.

कच्चा रस्ता भिंतीसारखा उभा. निम्म्यावर धुकं उतरलं आणि इंजिनाने मान टाकली.

"हँडब्रेक नावापुरताच आहे," काका म्हणाले. "मी ब्रेकवरचा पाय काढला की आपण थेट दरीत. ताई, उतरा, मागच्या चाकाला दगड लावा. पूर्वी हे काम माझ्या मेहुण्याचं. गेल्या वर्षी इथेच पाय घसरला बिचाऱ्याचा. पोराबाळांचं भारी वेड होतं त्याला. स्वतःचं मात्र एकही झालं नाही."

"मेलेल्यांच्या गोष्टी नंतर सांगा. मला माझी लेक गाठायचीय," म्हणत ती उतरली.

ओल्या मातीचा आणि जळक्या रबराचा वास भरून राहिला होता. ती चाचपडत मागे गेली. चाकामागे दगड होताच. ओलागच्च, नीट दाबून बसवलेला.

"लावला का?" काकांनी हाक मारली.

ती तोंड उघडणार, इतक्यात तिच्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं, "लावला."

खांद्यामागे तर दरी होती.

ती आत येऊन बसली तेव्हा काकांचे ओठ पांढरे पडले होते. "ताई... तो आवाज... मागे फिरू या..."

"फिरायला जागा तरी आहे का? चला म्हणते ना!"

पुढच्या वळणावर गाडी पुन्हा बंद पडली. ती पुन्हा उतरली. पुन्हा दगड. आणि ओझं वाहून आणल्यासारख्या कुणाच्या तरी धापा... अगदी जवळ.

"कोण असशील तो अस बाबा," ती धुक्याला म्हणाली. "मला लेकीपर्यंत पोचव. मग माग काय मागायचं ते."

धापा थांबल्या. त्यानंतर खिंड येईपर्यंत गाडी एकदाही अडली नाही.

ती दवाखान्यात शिरली तेव्हा आडवं बाळ आपसूक फिरलं होतं. लेक सुखरूप सुटली. नातू झाला. आई पोटभर रडली.

बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा काकांनी पाळणा सपाट फरशीवर ठेवला. लेकीने बाळाला आत निजवलं.

"आई, हा डुलत का नाही गं?"

आईने झोका दिला. पाळणा हलेना. ती खाली वाकली. वाकड्या पायाखाली एक लहानसा दगड होता. ओलागच्च, नीट दाबून बसवलेला.

तिने आधी बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं. मग दगड ओढून काढला.

"हे सोडून काहीही माग," ती म्हणाली आणि तो खिडकीतून अंगणातल्या दगडी फरशीवर भिरकावला.

तो पडल्याचा आवाज मात्र आलाच नाही.