पहिले अकरा सेकंद

गळ्याशपथ, देवाशपथ आणि माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ, पुढे सांगतेय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटणार नाही त्यानं आंबेवळणला जावं आणि सकाळी सात वीसला कुठल्याही गल्लीत नाक उघडं ठेवून उभं राहावं.

त्या सकाळी सात वीसला वैजयंती तोडकर पोह्यांना फोडणी देत होती. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, घरभर वास सुटला. तेवढ्यात खिडकीतून चार सूर आत आले. अडतीस वर्षांपूर्वी तिच्याच बोटांनी बेस गिटारवर वाजवलेले. ढूं. ढूं ढूं. ढूं. मग दोन सेकंद काहीच नाही. आणि मग दुसरी गिटार, दुकानाचं शटर एका झटक्यात वर जावं तशी.

वैजयंतीच्या तोंडाला पाणी सुटलं. पोह्यांसाठी नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते. कढीपत्त्याचा वास कुठल्या कुठे गेला आणि नाकात भरला तो कुजक्या कोयींचा, आंबलेल्या भाताचा आणि घंटागाडीखाली ठिबकतं त्या काळ्या पाण्याचा. गाडी अजून दारातसुद्धा आली नव्हती. कढई तशीच सोडून तिनं ओढणीचा बोळा नाकाला लावला, बादली उचलली आणि बाहेर धावली.

शेजारच्या डाफळेवहिनी दारात उभ्याच होत्या, चेहरा लिंबू चोखल्यासारखा.

"तुमचं आजही तेच?" त्यांनी विचारलं.

"तेच. तुमची मोटारसायकल?"

"मेली एकदाची बंद पडत नाही. लग्नाआधी हे ते गाणं म्हणायचे, सुरुवातीची किक तोंडानं मारून दाखवायचे. काल सहज मारली. मी त्यांच्या अंगावर ओकले हो."

दोघी शेजारी-शेजारी उभ्या होत्या, पण एकीचं गाणं दुसरीला ऐकू येत नव्हतं. गाडीच्या टपावर ध्वनिशलाका बसवलेली होती. बॅटरीचा झोत जसा एकाच भिंतीवर पडतो, तसा तिच्यातून निघालेला आवाज एकाच घरात पडतो. घर बदललं की गाणं बदललं. पूर्वी गाडी सगळ्या गावाला एकच गाणं ऐकवायची आणि लोक कानाडोळा करायचे. आता प्रत्येकाला त्याच्या सगळ्यात आवडत्या गाण्याची सुरुवात ऐकू यायची, फक्त पहिले अकरा सेकंद, आणि माणूस हातातलं टाकून बादलीसकट धावत यायचा.

ती सुरुवात शोधली होती काटापट्ट्यानं. नगरपालिकेनं घरटी एक पट्टा मनगटावर बांधला, वॉर्डाच्या कचेरीत बसवून दोनशे गाण्यांचे आरंभ ऐकवले. हातावरचे केस कुठे उभे राहतात ते पट्टा टिपायचा, आणि काटा सापडला की त्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकायचा. डाफळेवहिनींना काटा मोटारसायकलच्या किकवर आला. पोस्टातल्या कांबळ्यांना ड्रमच्या तीन ठोक्यांनंतर एक पोरगी किंचाळते तिथं आला. आणि गावातल्या चारशे बारा घरांना आला तो 'उसळ'च्या गाण्यावर.

'उसळ' म्हणजे वैजयंती आणि नौशाद सतारमेकर यांचा आंबेवळणच्या कॉलेजातला बँड. मेसमध्ये आठवड्याचे सहा दिवस मटकीची उसळ असायची, म्हणून ते नाव. नौशाद मिरजेचा. घरात सात पिढ्या सतारी करत होत्या, आणि यानं सतारीसाठी वापरतात त्या तुणीच्या लाकडातून इलेक्ट्रिक गिटार कोरली. वडिलांनी महिनाभर अबोला धरला होता. वैजयंती आणि नौशादनं 'खिडकी' नावाचं एकच गाणं फिजिक्सच्या लॅबमध्ये रेकॉर्ड केलं. चार सूर वाजवून वैजयंती थांबली आणि नौशाद यायच्या जागी आलाच नाही, कारण तो सैल झालेली खुंटी पिळत होता. दोन सेकंद उशिरा आला. पुन्हा रेकॉर्ड करायला कॅसेट शिल्लक नव्हती. पण ती कॅसेट गावभर फिरली, आणि त्याच दोन सेकंदांत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. सगळ्या गावाला काटा यायचा तो तिथं.

आठ महिन्यांपूर्वी या यंत्रणेची इंजिनियर ऋतिका चिंचणकर गाणं वापरायच्या परवानगीचा कागद घेऊन वैजयंतीच्या घरी आली होती.

"काकू, चारशे बारा घरं. दुसऱ्या नंबरला एकोणसाठ."

वैजयंतीनं तो आकडा तिच्याकडून तीनदा वदवून घेतला.

"दोघांच्या सह्या लागतील. नौशादकाकांची घ्यायला मी मिरजेला जाते."

"कशाला जातेस एवढ्या लांब?" वैजयंती म्हणाली. कॉलेजात नौशादची हजेरी तीच लावायची, त्याची लफ्फेदार सही तिला झोपेत जमायची. अडतीस वर्षांनी हात जराही अडखळला नाही. त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. ते तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तिनं विचारलं नाही.

"आणि पट्टा काढू नका बरं का," ऋतिका जाताना म्हणाली. "पट्टा नसेल तर गाडी दारात थांबत नाही. शिवाय तुमची आवड बदलली, जास्त जोराचा काटा कुठे मिळाला, की गाडी आपोआप तो उचलते."

पहिले दोन महिने स्वर्ग होता. गाव लख्ख झालं, दिल्लीहून स्वच्छतेची ढाल आली. तिसऱ्या महिन्यात उन्हाळा लागला. फणसाची सालं-चारखंडं, कोळंबीची टरफलं, बाळांचे लंगोट, सगळं त्या गाडीत शिजायचं, आणि रोज त्याच वेळी कानात आयुष्यातलं सगळ्यात लाडकं गाणं सुरू व्हायचं. एका लग्नात बँडवाल्यांनी नवरदेवाच्या आवडीचं गाणं सुरू केलं तर तो मुंडावळ्यांसकट उठून बादली शोधायला लागला. सासूला वाटलं, मुलगी पसंत नाही.

वैजयंती त्या सकाळी पोहे न खाताच ऋतिकाच्या कचेरीत गेली.

"याला अभिसंधान म्हणतात, काकू," ऋतिका म्हणाली. "दोन गोष्टी एकत्र पुन्हा पुन्हा भेटल्या की शरीर त्यांची गाठ मारतं. पुढे एक आली की दुसरी नसली तरी येते."

"मग सोड ती गाठ. महिन्यानं कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आहे. नौशाद येतोय. त्याची बोटं आखडत चाललीयत, दिवाळीनंतर गिटार विसरा म्हणालेत डॉक्टर. त्याला एकदा ते गाणं गावासमोर वाजवायचंय. आणि गाव नाक धरणार."

"आवड लावायला वर्षं लागतात. किळस चार दिवसांत बसते आणि हलत नाही. शरीराला वाटतं, विषापासून वाचवतोय."

"तुझ्या पट्ट्याला हे दिसत नाही?"

ऋतिकानं मान खाली घातली. "किळस आली तरी केस उभेच राहतात, काकू. यंत्राला फरक कळत नाही. आकडे उलट वाढलेत."

ऋतिकाच्याच सांगण्यावरून एक उपाय करून पाहिला. चांगल्या वासाशी उलटी गाठ मारायची. तीन आठवडे वैजयंतीनं रोज दुपारी गाणं लावून कांदाभजी तळली. बाविसाव्या दिवशी गाणं होतं तसंच घाण राहिलं, आणि भजी मात्र आयुष्यातून गेली. भज्याचा नुसता रंग दिसला तरी तिला गाडीखालचं काळं पाणी आठवायला लागलं.

सुवर्णमहोत्सवाला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता नौशाद आला. खास आजच्यासाठी नवी गिटार केली होती, तुणीचीच, पाठीवर सतारीसारखी हस्तिदंती वेल काढलेली.

"हाडाची आहे," तो म्हणाला. "उंटाच्या. हत्तीला त्रास दिला नाही. तू नाकात काय कोंबलंयस?"

"निलगिरीचे बोळे. सर्दी झालीय."

"कॉलेजातही नापास झालीस की सर्दीच व्हायची तुला."

ती आत्ता सांगू शकत होती. तिनं बेसच्या तारा लावायला घेतल्या. तो बोटं चोळून चोळून गरम करत होता.

मैदानावर हजारभर माणसं होती. वैजयंतीनं डोळे मिटून चार सूर वाजवले. ढूं. ढूं ढूं. ढूं.

पहिल्या रांगेतल्या माजी प्राचार्यांनी रुमाल काढला. मधली शंभरएक माणसं एकदम उभी राहिली, मुठी आवळून, बादलीची कडी धरल्यासारख्या. नगराध्यक्षबाईंनी स्वागताचा गुच्छ तोंडापुढे धरला आणि पुढे जे झालं त्यात फुलांचा काही दोष नव्हता. डाफळेवहिनींचं गाणं वेगळं, पण चहूकडची तोंडं बघून त्याही सरळ घराच्या दिशेनं निघाल्या.

दोन सेकंद झाले. चार झाले. नौशादनं गिटारला हात लावला नाही. तो लोकांकडे बघत राहिला.

"यांना काय झालं?"

"कचऱ्याची गाडी," वैजयंती म्हणाली. "आपले अकरा सेकंद गाडीवर लावलेत. नऊ महिने झाले."

"कोणी दिले?"

"मी. सही केली. तुझीही मीच केली."

माइक चालू होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं.

"विचारलं का नाहीस?"

"नाही म्हणाला असतास."

"चारशे घरं म्हणे," मागून कोणीतरी पुटपुटलं.

नौशादनं त्या बाजूला पाहिलंही नाही. "माझं एवढंच होतं गं, वैजू. सात पिढ्यांनी सतारी केल्या, मी दोन सेकंद उशीर केला. तेवढंच माझं."

नाकातला निलगिरीचा वास आणि घशातली आंबट चव एक झाली, आणि पहिल्यांदाच तिला किळस आली ती गाण्याची नव्हे, स्वतःच्या उजव्या हाताची.

"दुसऱ्या कडव्यानंतरचं आठवतं का?" नौशादनं विचारलं.

"ते कोणाला आठवतंय?"

"म्हणूनच विचारतोय."

ते तिथून सुरू झाले. गाण्याच्या त्या मधल्या भागात त्याची गिटार खाली उतरते आणि तिचा बेस वर चढतो, जिन्यात दोन माणसं एकमेकांना वाट देतात तसे. कॉलेजात तिथवर येईपर्यंत पोरं नाचून दमलेली असायची, कोणी ऐकायचं नाही. आता उभी राहिलेली माणसं उभ्या उभ्या ऐकू लागली. मुठी सुटल्या. गुच्छ खाली गेला. डाफळेवहिनी फाटकातून परत फिरल्या. वैजयंतीनं नाकातले बोळे काढून फेकले आणि तिला चक्क वास आले: तुडवलेल्या गवताचा, कोणाच्या तरी खोबरेल तेलाचा, तापलेल्या अँप्लिफायरचा. नौशादचं एक बोट आखडलं, सूर किंचित मागे रेंगाळला, आणि तिच्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत काटा उभा राहिला. खरा, जुना, घाण नसलेला.

मग तिला तो ठिपका दिसला. आधी स्वतःच्या मनगटावर, हिरवा. मग पहिल्या रांगेत. मग मैदानभर, काजवे बसल्यासारखे, शेकडो. ऋतिका एका खांबाशी उभी होती, एका हातानं दुसरं मनगट घट्ट दाबून.

गाडी आता हाच काटा उचलणार होती; आत्ता थांबवलं असतं तर उरलेलं गाणं वाचलं असतं. 'पट्टे काढा रे' एवढे तीन शब्द पुरे होते. नौशाद डोळे मिटून वाजवत होता, आखडणारी बोटं एकेक करून पुढे ढकलत होता. ती तीन शब्द बोलली नाही. शेवटपर्यंत त्याला साथ दिली.

टाळ्या थांबेचनात. त्यानं डोळे उघडले.

"आवडलं का गं त्यांना?"

"आवडलं," वैजयंती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सोमवारी सात वीसला ती गॅस न पेटवता खिडकीशी उभी होती. गाडी कोपऱ्यावर वळली होती, झोत घराघरावरून सरकत येत होता. चार सूर आले तर निदान जुनीच घाण. पण जिन्यातले ते दोघं आले तर?

आता शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकते. यातलं एकच मी पदरचं घातलं: तो हिरवा ठिपका. पट्ट्याला दिवाबिवा काही नसतो. नौशाद वाजवत होता तेव्हा मैदानावर कुठेच काही लुकलुकलं नाही. पट्टा गुपचूप टिपतो, आणि काय टिपलं ते वैजयंतीला सोमवारपर्यंत कळायला काही मार्गच नव्हता. तुम्हाला आता वाचताना कुठे अंगावर काटा आला असेल, तर जरा मनगटाकडे बघा. तो कोणी टिपला?