चिमणीचं पातेलं

तंबूतल्या लष्करी दवाखान्यात गोठवलेला प्लाझ्मा वितळवायचं काम ताईचं. वीज जेमतेम शीतपेटीपुरती. म्हणून स्टोव्हवर पाणी तापवायचं, पातेल्यात थर्मामीटर सोडायचा आणि पारा सदतीसवर राखत अर्धा तास बसायचं. पाणी जास्त तापलं की प्लाझ्मा वाया. गोठलेली पिशवी जराशी आपटली तरी काचेसारखी तडकायची. बारा वर्षांत ताईच्या चारच तडकल्या होत्या.

चिमणी ही नवी मुलगी तीन आठवड्यांपूर्वी तिच्या मदतीला आली, स्वतःचं पातेलं घेऊन. तिची एकही नाही. आणि तिला बाराच मिनिटं लागत.

"चिमणीचीच पिशवी आणा," सर्जन आतून ओरडत. "ताईंची येईपर्यंत माणूस जायचा!"

सगळे हसत. ताईही हसे, आणि आतल्या आत जळून खाक होई. उठता-बसता, घास घेताना, डोळे मिटले तरी चिमणीच दिसे.

एकदा तिने चिमणीच्या पातेल्यात थर्मामीटर धरला. सदतीस. आत दगड झालेल्या दोन पिशव्या, स्टोव्ह बंद, वरून गरम पाण्याचा थेंबही नाही. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. सदतीसच. ऊब कुठून तरी यायलाच हवी. ताई जे शिकली होती ते एवढं तरी ठाम सांगत होतं.

त्या दुपारी पोटात गोळी लागलेला जवान आला. टळटळीत उन्हाने तंबूची भट्टी झाली होती.

"सरक. आज मी." ताईने चिमणीचं पातेलं ओढलं.

"नको हो, ताई. तुमच्या पातेल्यात करा ना."

"का? तुझं सोन्याचं आहे?"

बाराव्या मिनिटाला पिशवी हातात मऊ पडली. पिवळसर, स्वच्छ.

"वा, ताई!" आतून आवाज आला. "रक्त थांबायला लागलंय. अजून दोन द्या!"

ताईने तोऱ्यात मागे पाहिलं. चिमणी खोक्यावर अंग चोरून बसली होती.

"पिशवी धरताना मनात कोण होतं?" तिने विचारलं.

"कोण असणार?"

"मी दर वेळी माणूस बदलते, ताई. घरचे, शाळेतले, रस्त्यात दिसलेले. प्रत्येकाची थोडी थोडी ऊब. कोणाला कळतही नाही."

"काहीतरीच बोलू नकोस."

"पिशव्या, ताई! लवकर!"

ताईने आपल्या पातेल्याकडे पाहिलं. अर्धा तास.

तिने दोन्ही पिशव्या चिमणीच्या पाण्यात सोडल्या. आईला आठवून पाहिलं. मग भावाला. एकही चेहरा टिकेना; फिरून चिमणीच समोर येई.

पारा सदतीसवर होता.

खोक्यावर चिमणीच्या पापण्या दंवाने पांढऱ्या होत चालल्या होत्या.