नव्वदावा दिवस

सात ऑक्टोबरला कुडाळच्या शाळेत शिकवणारी क्लॉडिया शाळा सुटल्यावर थेट तोंडवलीला आली, तेव्हा तिचे वडील डॉमिंगो पायरीवर बसून झावळीचे हीर काढत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मोपाहून इंग्लंडला जायचं त्यांचं विमान होतं.

तिने बॅगेचं वजन केलं. मग पारदर्शक पाकिटात कागद क्रमाने लावले: तिकीट, व्हिसाची प्रत, जुना भारतीय पासपोर्ट आणि सगळ्यात वर पोर्तुगीज पासपोर्ट.

डॉमिंगोंच्या वेळी त्यांची आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, गोव्यात गेली होती. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. त्या माहेरपणाच्या जोरावर डॉमिंगोंना साठीच्या आसपास पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, इंग्लंडमधल्या एका गोदामात काम मिळालं, आणि स्वतःच्या घरात ते परदेशी झाले. व्हिसावर एका वेळी नव्वद दिवस राहता यायचं. नव्वदावा दिवस नऊ तारखेला होता.

"तुजी सुटी कधी पडता गो?" त्यांनी विचारलं.

"अठरापासून. तुजी फ्लाईट उद्या आसा, पप्पा." यादीवरून नजर न उचलता तिने सांगितलं.

संध्याकाळी घरी सायबीण यायची होती. ऑक्टोबरात काचेच्या पेटीतली मारियेची मूर्ती वाड्यातल्या एकेका घरी एकेक रात्र राहते, आणि त्या घरी सगळे जमून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात. तेर्साला थांबलं तर कुडाळची शेवटची बस चुकली असती. क्लॉडिया थांबली नाही.

सकाळी पासपोर्ट जागेवर नव्हता.

*

"आणि सतरा तारखेला पप्पा गेले," क्लॉडिया म्हणाली. "सकाळी, त्याच पायरीवर. हार्ट अटॅक."

नोव्हेंबरातला रविवार होता. किशोरी राऊळ यांनी ओरोसला परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर त्या खाजगी तपासाची कामं घेत. बहुतेक स्थळांच्या चौकश्या आणि जमिनीच्या भानगडी. त्यांना रिक्षातून फिरवणारा धनेश दाराशी उभा होता. प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार ठरवायचा, ही त्याची सवय.

त्या नऊ दिवसांत काय झालं ते क्लॉडियाने सांगितलं. आधी पोलिसांत तक्रार. मग त्या तक्रारीची प्रत घेऊन पणजीला पोर्तुगीज वकिलातीत, तात्पुरत्या प्रवासपत्रासाठी. ते आलं की ओरोसला देश सोडायची परवानगी. एका कागदाला दुसरा हवा, आणि दुसऱ्याला पहिला. तिने चार दिवस रजा काढली होती.

"प्रत्येक बाकावर मी त्यांच्यावर चिडत होते. ते शेंगदाणे खात बसायचे, मलाही द्यायचे. ज्याने पासपोर्ट घेतला त्याने त्यांना फरफटवून मारलं."

तिने पर्समधून टाइप केलेला अर्ज काढला. आतेभाऊ रॉयस्टनविरुद्ध पोलिसांत द्यायचा होता. रॉयस्टन त्याच घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देई. परदेशी माणूस मुक्कामाला आला की त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. मागे एका पाहुण्याची नोंद राहिल्यामुळे त्याला तंबी मिळाली होती. सात तारखेला सकाळी, मामांच्या जाण्याच्या नोंदीसाठी पासपोर्टचे फोटो काढायला म्हणून त्यानेच तो घेतला होता.

"उद्या चर्चमध्ये पप्पांची महिन्याची मिस्स आहे. ती झाली की अर्ज देणार."

किशोरीताईंनी अर्ज वाचला. असा अर्ज गेला तर रॉयस्टनच्या खोल्या बंद व्हायला चौकशीचीही वाट बघावी लागत नाही, हे त्यांना सव्वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"आज संध्याकाळपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "पाकीट आणलंय?"

पाकिटात तिकीट होतं, आठशे पौंड होते, जुना भारतीय पासपोर्ट होता. आणि एक तपकिरी प्लास्टिकचं रिकामं वेष्टण.

"हे त्या पासपोर्टचं?"

"हो. पासपोर्टच्या जागी नुसतं हे होतं."

किशोरीताईंनी ते बोटांनी दाबून पाहिलं. जाड होतं, पुठ्ठ्यासारखं.

*

मालवणच्या बाजारात कौस्तुभचं दुकान रविवारीही उघडं असे. व्हिसा, पासपोर्ट, परदेशस्थ भारतीयांचं कार्ड, सगळे फॉर्म तो भरून देई. धनेशने त्याला बघितलं आणि किशोरीताईंच्या कानाशी पुटपुटला, "ह्योच तो. वेष्टण काढून स्कॅन करतत हेच लोक."

कौस्तुभ ऑफिसातल्या मराठीत बोलला. डॉमिंगोंचं कार्ड झालं असतं, म्हणजे त्यांना कायम येता-जाता आलं असतं. पण त्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि ते दर वेळी पुढच्या खेपेला करू म्हणायचे. पोर्तुगीज पासपोर्ट त्याने गेल्या वर्षभरात पाहिलाच नव्हता. त्याच्याकडे होत्या त्या सगळ्या क्लॉडियाने पाठवलेल्या प्रती.

"पासपोर्ट हरवायच्या आधी शेवटचे कधी आले होते?" किशोरीताईंनी विचारलं.

"पाच तारखेला. मुदत उलटून आठ-दहा दिवस जास्त झाले तर काय होतं, विचारत होते. मी म्हटलं, दंड होईल, अर्ज करावा लागेल, पण जाता येतं. दोनदा विचारून घेतलं त्यांनी. म्हातारी माणसं घाबरतात. आणि नंतर तक्रार लिहितानाही अडून बसले. मी 'चोरी' लिहिलं होतं. त्यांनी खोडून 'गहाळ' करायला लावलं."

*

तोंडवलीच्या घरात रॉयस्टन एका पाहुण्याच्या खोलीची चादर बदलत होता. त्याने हातातलं काम सोडलं नाही. क्लॉडियाला आपला संशय आहे हे त्याला माहीत होतं.

मामा मुदतीनंतर या घरात राहिले तर पहिलं उत्तर त्यालाच द्यावं लागलं असतं, एवढंच तो म्हणाला. मामांनी जावं असंच त्याला वाटत होतं, आणि हे बोलायची त्याला आता लाज वाटते. फोटो काढून त्याने पासपोर्ट परत दिला होता. त्यानंतर क्लॉडियानेच तो पाकिटात ठेवला, मग तिने त्याचं नाव का घ्यावं?

"ह्यां तर खरां," धनेश म्हणाला, आणि लगेच दुसरा गुन्हेगार शोधायला आत बघू लागला.

आत रॉयस्टनची आई, डॉमिंगोंची बहीण रोझालिना, तांदूळ निवडत होती. तिने सांगितलं की आठ तारखेला सगळं घर उलथंपालथं केलं. कपाटं, गाद्या, भाताचा कणगा. आल्तार, म्हणजे घरातला देव्हारासुद्धा झाडून काढला.

"सायबीण तेव्हा आल्तारावर होती?"

"होती. सांजे दुसऱ्या घराक व्हेली. डॉमिंगानच व्हेली. त्याच्या डोक्यार इतक्यां संकट आनि तो सायबीण घेवन पुढे."

"तेर्साला जायचे ते?"

रोझालिना जराशी हसली. कित्येक वर्षांत भाऊ तेर्साला उभा राहिला नव्हता. पण त्या नऊ दिवसांत एकही संध्याकाळ चुकवली नाही त्याने. सायबीण जिथे, तिथे हा.

भिंतीवर वाड्यातल्या घरांची यादी चिकटवलेली होती. सात तारखेपासून बारा घरं. बाराव्या घरी मूर्तीखालचं कापड बदलतात आणि ती कपेलात, म्हणजे वाड्यातल्या छोट्या चर्चमध्ये, परत जाते. यंदा ती दहाव्या घरीच, एलिनाकडे, थांबली होती. वाड्यात माणूस गेल्यावर फेरी पुढे न्यायला कुणाचं मन झालं नव्हतं.

किशोरीताईंनी मूर्तीखालच्या कापडाबद्दल विचारलं. रोझालिनाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मूर्तीच्या पायाखाली सॅटिनचं कापड असतं. ज्याचं जे मागणं असेल त्याचा कागद लोक त्याखाली सारतात: परीक्षेचं हॉलतिकीट, बोटीवरच्या नोकरीचं पत्र. काम झालं की ज्याचा तो काढून घेतो.

"आणि दुसऱ्याचा कागद कोणी बघत नाही?"

"दुसऱ्याचां मागणां बघूचां नसता, बाय. पाप लागता."

*

एलिनाच्या ओटीवर उन्हं उतरत होती. किशोरीताईंनी क्लॉडियाला फोन करून बोलावून घेतलं होतं. रोझालिना आणि रॉयस्टनही आले. पेटी आतल्या टेबलावर होती, समोर विझलेली मेणबत्ती.

एलिना डॉमिंगोंच्या वयाची, वाड्यातली जुनी शेजारीण. सोळा तारखेच्या तेर्सानंतरची गोष्ट तिला नीट आठवत होती. कापडावर मेण सांडलं होतं म्हणून ती ते काढून धुवायला निघाली, तर मागे थांबलेले डॉमिंगो म्हणाले, "रवांदी गो. दोनच दिसांचो प्रश्न आसा."

"ऐकलंत?" किशोरीताई म्हणाल्या. मग त्या खुर्चीवर बसल्या. दिवसभर रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांची पाठ दुखत होती.

"चोराने पासपोर्ट नेला असता तर वेष्टणासकट नेला असता, आणि पौंडही सोडले नसते. कौस्तुभने घेतला असता तर वेष्टण त्याच्या दुकानात निघालं असतं, घरच्या पाकिटात नाही. म्हणजे ते घरातच काढलं. का काढलं? कारण पासपोर्ट कुठेतरी सपाट सारायचा होता आणि वेष्टणासकट तो मावत नव्हता."

"रोझालिना आंटी," धनेश हळूच म्हणाला. "भाऊ रवांक होयो म्हणान."

"त्यांनी ठेवला असता तर घर उलथंपालथं झालेलं बघून काढून दिला असता. रॉयस्टनला मामांची मुदत उलटणं परवडणारं नव्हतं. मग उरतं कोण? पाच तारखेला, काही हरवायच्या आधीच, आठ-दहा दिवस उशीर झाला तर काय, हे विचारणारं कोण? 'चोरी' हा शब्द खोडायला लावणारं कोण? कुणावर आळ येऊ नये म्हणून खोडला तो. आणि रोज संध्याकाळी सायबिणीमागे जाणारं कोण?"

क्लॉडियाने टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं.

"त्यांना लपून राहायचं नव्हतं. तसं असतं तर पासपोर्ट विहिरीत टाकला असता. त्यांनी तो अशा जागी ठेवला जिथून तो ठरलेल्या दिवशी परत येणार होता, आणि त्याआधी कुणी हात लावणार नव्हतं. सात तारखेपासून बारा घरं. बारावं घर कधी येतं, मोजा."

रॉयस्टनने बोटांवर मोजलं. "अठराक."

"सोळाला ते म्हणाले, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. अठराला काय होतं, ते मला माहीत नव्हतं. आज सकाळी मी क्लॉडियाला विचारलं होतं की शेवटच्या दिवशी वडील काय काय बोलले. तिने सांगितलं, पण स्वतः ऐकलं नाही: त्यांनी तिची सुटी कधी पडते ते विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, अठरापासून."

क्लॉडिया टेबलापाशी गेली. पेटीचं काचेचं दार तिने उघडलं, एलिनाने मूर्ती उचलून धरली. मेणाने कडक झालेलं कापड दुमडताना कडकडलं. खाली लालसर, बिनवेष्टणाचा पासपोर्ट होता.

एलिनाने मूर्ती अलगद बाजूला ठेवली. मग रोझालिना तोंडावर पदर धरून ओटीवर गेली. रॉयस्टन तिच्यामागे निघाला. क्लॉडियाने त्याला दारात थांबवलं, पर्समधला अर्ज काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो न वाचता घडी करून खिशात ठेवला.

"चार दिवस बाकावर होते मी त्यांच्याबरोबर," ती किशोरीताईंना म्हणाली. "त्यांना तेवढंच हवं होतं?"

"तेवढंच की नाही ते मला नाही सांगता येणार. तारीख जुळते, एवढं सांगते."

"मी पाच वर्षांची होते तेव्हापासून ते जातायत. आधी कुवेत, मग इंग्लंड. त्यांनी घरात पाऊल टाकलं की मी पहिलं विचारायचे, परत कधी जाणार. किती दिवस मिळणार ते कळावं म्हणून विचारायचे. त्यांना वाटलं असेल, हिला घाई आहे."

धनेश बाहेर जाऊन रिक्षापाशी उभा राहिला. आज त्याने पुढे काही सुचवलं नाही.

क्लॉडियाने पासपोर्ट उघडला. फोटोत डॉमिंगो हसत नव्हते. पासपोर्टच्या फोटोत हसू देत नाहीत. तिने त्यावर अंगठा ठेवला.

"पप्पा, जाव नको," ती म्हणाली. आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता. "माका तू होयो आसस. हंयच रव."